ईस्टरची पहाट आणि आशेचा अर्थ

फेब्रुवारीत आमचे बाबा गेले. वय झालं होतं, आजारही लांबला होता, तरी घर रिकामं व्हायचं ते झालंच. शेजारच्या काकूंनी पहिले तीन दिवस आमच्या घरी चूल पेटू दिली नाही. सकाळी चहाची किटली, दुपारी पिठलं-भात, रात्री मुगाची खिचडी. चौथ्या दिवशी डबा द्यायला आल्या आणि दारातच थांबून हळूच म्हणाल्या, "विचारू का रे एक? आमच्यात दहाव्याला कावळा शिवला की मनाला बरं वाटतं. माणूस सुखानं गेला असं कळतं. तुमच्यात काय असतं?"

मी म्हटलं, "काकू, आमच्यात ईस्टर असतो."

त्या मान हलवून गेल्या. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. खरं सांगायचं तर, मी काय बोलून गेलो ते मलाही त्या वेळी पुरतं कळलं नव्हतं.

दोन महिन्यांनी ईस्टर आला. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची त्यासाठी बेळगावला आली होती. पहाटे आम्ही दोघं बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेलो. थोडा वेळ गप्प उभी राहून ती म्हणाली, "मामा, खरं सांग हं. आजोबा पुन्हा भेटणार असं तुला मनापासून वाटतं, की असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे म्हणून तू म्हणतोस?"

हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर. आपल्या मंडळात सगळ्या घरांतली मुलं हे मासिक वाचतात. त्यातल्या बऱ्याच जणांना ईस्टर म्हणजे रंगीत अंडी आणि लाँग वीकेंड एवढंच माहीत असतं. तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही यातच देऊन टाकतो.

अंडी, चंद्र आणि चाळीस दिवस

आधी सोप्या गोष्टी. नाताळची तारीख ठरलेली, ईस्टरची मात्र दरवर्षी बदलते. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा त्याचा ढोबळ नियम. त्यामुळे पुष्कळदा तो आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो. 2026 साली 2 एप्रिलला हनुमान जयंती, 3 तारखेला गुड फ्रायडे आणि 5 तारखेला ईस्टर असा क्रम लागला. कॅलेंडर निरनिराळी असली तरी चंद्र एकच!

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा, प्रायश्चित्ताचा काळ असतो. मधले रविवार त्या चाळिसांत धरत नाहीत. युरोपात पूर्वी या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या काही उपास करत नाहीत, त्यामुळे अंडी साठून राहत आणि उपवास सुटला की ती रंगवून वाटली जात. कवच फुटून आतून जीव बाहेर येतो म्हणून अंड्याला रिकाम्या कबरीचा अर्थही चिकटला. म्हणजे आजच्या चॉकलेटच्या अंड्यामागेसुद्धा उपवासच आहे.

आणखी एक. गुड फ्रायडेला कुणाला "हॅपी गुड फ्रायडे" असा मेसेज पाठवू नका. येशूला क्रुसावर खिळलं तो हा दिवस. चर्चमध्ये त्या दिवशी शोककळा असते. शुभेच्छा द्यायच्या त्या रविवारी.

तीन दिवसांत काय घडलं?

शुभवर्तमानांत ही कथा अगदी साधी सांगितली आहे. शुक्रवारी दुपारी येशूने प्राण सोडला. सूर्यास्ताला यहुद्यांचा शब्बाथ सुरू होणार, मग कामाला हात लावायचा नाही. म्हणून अरिमथाईच्या योसेफाने देह मागून घेतला आणि खडकात खोदलेल्या कबरीत घाईघाईने ठेवला. तोंडाशी मोठा दगड लोटला. शिष्य घाबरून पांगले होते. त्यांचा पुढारी पेत्र तर आदल्या रात्रीच तीनदा म्हणाला होता, मी या माणसाला ओळखत नाही.

मग शनिवार. या दिवसाबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

रविवारी भल्या पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या. घाईत राहिलेले मृतदेहाचे संस्कार त्यांना पुरे करायचे होते. चमत्कार बघायला कुणीच निघालं नव्हतं. एवढा दगड बाजूला कोण सारणार याचीच चिंता त्यांना वाटेत लागली होती. पोचल्या तर दगड सरलेला आणि कबर रिकामी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. कथा रचायचीच असती, तर रचणाऱ्याने पहिले साक्षीदार म्हणून एखादा सरदार किंवा शास्त्री उभा केला असता. पण चारही शुभवर्तमानांत कबरीवर पहिल्या पोचतात त्या स्त्रियाच. पुरुष शिष्यांना त्यांचं बोलणं बाष्कळ वाटलं, हेही लूकच्या शुभवर्तमानात लपवलेलं नाही. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शेवट असा आहे की त्या स्त्रिया भीतीने थरथरत पळाल्या आणि कुणाशी काही बोलल्या नाहीत. ख्रिस्ती आशेची सुरुवात अशी भीतीतून आणि गोंधळातून झाली.

पुनर्जन्म नव्हे, नुसतं जिवंत होणंही नव्हे

भाचीचा पहिला घोटाळा इथेच होता. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म, असं तिच्या मैत्रिणी समजतात. दोन्हींत 'पुनर्' आहे, म्हणून तसं वाटतं. पण कल्पना निराळ्या आहेत. पुनर्जन्मात जीव एक देह सोडून दुसरा धारण करतो आणि ध्येय असतं त्या फेऱ्यातून सुटण्याचं. पुनरुत्थानात फेरा नाही. तोच माणूस, त्याच नावाचा, त्याच नात्यांचा, देवाच्या सामर्थ्याने पुन्हा उठतो. मूळ ग्रीक शब्द 'अनास्तासिस', म्हणजे उठून उभं राहणं. मराठीतल्या 'उत्थान' शब्दात तोच भाव आहे.

मेलेला माणूस परत श्वास घेऊ लागणं, एवढाही याचा अर्थ नाही. येशूने लाजर नावाच्या मित्राला कबरीतून बाहेर बोलावल्याची कथा आहे. पण तो लाजर पुढे केव्हातरी मेलाच असणार. येशूचं उठणं तसं नाही. ते मरणाच्या पलीकडचं जगणं आहे, ज्यावर मरणाची सत्ता उरलेली नाही.

आणि आत्मा अमर, देह म्हणजे टाकाऊ वस्त्र, असंही ख्रिस्ती श्रद्धा म्हणत नाही. देह देवाने घडवला, म्हणून तोही मोलाचा. याच कारणाने प्राचीन ख्रिस्ती मंडळी मृतदेह आदराने पुरत आणि त्या जागेला 'कोइमेतेरियोन' म्हणत. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झोपायची जागा. इंग्रजीतला 'सेमेटरी' हा शब्द त्यातूनच आला. मराठी ख्रिस्ती घरांतल्या निधनवार्तेत "प्रभूमध्ये महानिद्रा घेतली" असं छापलेलं तुम्ही वाचलं असेल. झोपलेलं माणूस उठतं, हा विश्वास त्या एका शब्दात आहे.

मग तो नवा देह कसा असेल? हा प्रश्न पहिल्या शतकातही लोकांनी पौलाला विचारला होता. करिंथच्या मंडळीला साधारण इ.स. 55च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात त्याने उत्तराला शेतातलं उदाहरण घेतलं. मातीत पडतो तो साधा दाणा; वर येतं ते रोप. दाण्याकडे बघून कणसाची कल्पना येत नाही, पण दोन्हींचा संबंध तुटलेला नसतो. पेरणी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मूठभर ज्वारी मातीआड होते तेव्हा शेतकरी ती वाया गेली असं म्हणत नाही.

जखमा राहिल्या

मला स्वतःला सर्वांत धीर देणारी गोष्ट थोमाची. इतर शिष्यांनी सांगितलं, आम्ही त्याला पाहिलं. थोमा म्हणाला, हाताला खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय, कुशीत हात घातल्याशिवाय मी मानणार नाही. परंपरेनुसार हाच थोमा इ.स. 52मध्ये भारताच्या किनाऱ्यावर उतरला. म्हणजे आपल्या देशात हा विश्वास आणणारा म्हणून ज्याला मान दिला जातो, तोच शंका विचारणारा शिष्य होता!

आठ दिवसांनी येशू त्याच्यापुढे उभा राहिला. रागावला नाही, त्याने व्रण पुढे केले. विचार करा, मरणावर विजय मिळवलेल्या देहावरून जखमा पुसता आल्या नसत्या का? पण त्या राहिल्या. ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चच्या बाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून एक मोठी मेणबत्ती उजळतात. त्या मेणबत्तीवर चालू वर्षाचे आकडे असतात आणि धुपाचे पाच खडे क्रुसाच्या आकारात खोचलेले असतात. ते पाच खडे म्हणजे पाच जखमा. त्याच मेणबत्तीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते आणि काळोखातलं चर्च उजळतं.

आशा म्हणजे काही झालंच नाही असं समजणं नव्हे, हे मी त्या खड्यांवरून शिकलो. बाबांची खुर्ची रिकामी आहे. आई अजूनही कधीकधी त्यांच्या वाटचा चहा टाकते. हे दुःख खोटं आहे असं ईस्टर म्हणत नाही. दुःखाचा शब्द शेवटचा नाही, एवढंच तो सांगतो.

पेत्राचीही गोष्ट अशीच. कोळशाच्या शेकोटीजवळ उभं राहून त्याने तीनदा येशूला नाकारलं होतं. पुढे सरोवराकाठी येशूने कोळसे पेटवून मासे भाजले, शिष्यांना न्याहारी दिली आणि पेत्राला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस ना? जितक्या वेळा चुकला तितक्या वेळा सावरायची संधी. परीक्षेत नापास झालेल्या, नोकरी गेलेल्या, नातं तुटलेल्या कुणालाही ही न्याहारी कळेल. पुनरुत्थानाचा अर्थ फक्त स्मशानापुरता नाही.

आपल्या मराठीतली 'आशा'

आता गंमत बघा. मराठीत 'आशा' हा शब्द तसा बदनाम आहे. 'आशाळभूत', 'वेडी आशा', 'आशेला लावलं' हे सगळे शब्दप्रयोग हाव किंवा फसवणूक सांगतात. संतांनीही आशा-तृष्णेला बंधन मानलं. असं असताना मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हाच शब्द उचलला आणि विश्वास व प्रीती यांच्या पंगतीला बसवला. त्यामुळे ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला 'आशा' ऐकलं की हाव आठवत नाही, नांगर आठवतो. नव्या करारात आशेला जहाजाच्या नांगराची उपमा आहे आणि रोमच्या भूमिगत कबरींच्या भिंतींवरही नांगर कोरलेले सापडतात. नांगर टाकला म्हणून वादळ थांबत नाही, पण नाव वाहून जात नाही.

ही कथा मराठीत फार जुनी आहे. इंग्लंडमधून 1579 साली गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकले आणि 1616 साली साष्टीतल्या राचोल इथे त्यांचं 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे 11,000 ओव्यांत येशूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान त्यांनी पुराणाच्या थाटात सांगितलं. ज्या लोकांना ओवी कानी पडल्याशिवाय धर्मकथा वाटत नव्हती, त्यांना त्यांच्या ओवीतच ती मिळाली.

पुढच्या काळातली दोन माणसं सांगतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, लग्नानंतर थोड्याच काळात 1882 साली पती गेले. पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुली त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या, त्यांना शिकवलं, हाताला काम दिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल करायचं काम त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. त्यांच्यानंतर संस्थेचा भार घ्यायची ती एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेली. पुढच्याच वर्षी 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. पण मुक्तीचं काम थांबलं नाही.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरीच. त्यांनी ते काव्य पुढे नेऊन पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना त्यांचा मिश्किल स्वभाव ठाऊक असेल. पण नवऱ्याचं अर्धं राहिलेलं पान हातात घेऊन पुढची ओळ लिहायला बसणं, याला मी आशा म्हणतो. गेलेल्याचं काम वाया गेलेलं नाही असं मानल्याशिवाय ते होत नाही.

शनिवारी काय करायचं?

भाचीला मी जे सांगितलं ते असं. आपण बहुतेक सगळे शनिवारी जगतो. शुक्रवार होऊन गेलेला असतो आणि रविवार अजून दिसलेला नसतो. त्या पहिल्या शनिवारी शिष्यांना उद्या काय होणार हे माहीत नव्हतं. स्त्रियांनी त्या अवस्थेत काय केलं? धीर धरला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच हातातलं काम घेऊन निघाल्या. दगड कोण सारणार हे ठाऊक नसताना निघाल्या.

"मग तुला खात्री आहे?" तिने पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "गणिताच्या उत्तराची असते तशी नाही. पण आजोबांनी मला सायकल शिकवली तेव्हा मागून धरलंय असं ते म्हणायचे, आणि मी मागे न बघता पायडल मारायचो. तेवढी आहे." पुनरुत्थान प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही. ते मानणं हा विश्वास आहे, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करावं. पण ज्या मंडळींनी भीतीने दारं लावून घेतली होती, तीच पुढे रस्त्यावर उभी राहून बोलू लागली, त्यासाठी मार खाल्ला, काहींनी प्राण दिले. त्यांच्या आयुष्यात काहीतरी घडलं होतं, हे मला नाकारता येत नाही.

ती काही बोलली नाही. खाली वाकून वाऱ्याने विझलेली मेणबत्ती तिने माझ्या मेणबत्तीवर पुन्हा पेटवली. तेवढ्यात मंडळी जमू लागली होती. ईस्टरला सूर्योदयाच्या वेळी कबरींपाशी उपासना करायची रीत जर्मनीतल्या हेर्नहूट गावात 1732 साली मोराव्हियन तरुणांनी सुरू केली. तरुणांनी, बरं का! त्यांनाही बहुधा झोप आवरून उठावं लागलं असेल.

उपासना झाली, उजाडलं. घरी येऊन आईने डबा भरला आणि भाचीला शेजारी पाठवलं. ईस्टरचा केक, काकूंसाठी मुद्दाम बिनअंड्याचा. काकूंनी डबा घेतला आणि विचारलं, "आज तो तुमचा दिवस काय गं? मामा म्हणाला होता तो?"

"हो काकू," ती म्हणाली, "आज आमच्याकडे बरं वाटायचा दिवस."

काकूंनी आपल्या पद्धतीप्रमाणे डबा रिकामा परत दिला नाही. धुऊन, पुसून, त्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ घालून दिला. आईने कित्येक दिवसांनी चवीने खाल्लं, आणि त्या दुपारी चहा टाकताना कप मोजून दोनच काढले. दुसरा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बस, बाबांच्या खुर्चीत बस. किती दिवस रिकामी ठेवायची?"

मी बसलो.

तुम्हां सर्वांना, ईस्टर साजरा करणाऱ्यांना आणि शेजाऱ्याचा केक खाणाऱ्यांनाही, पुनरुत्थानाच्या सणाच्या मनापासून शुभेच्छा.